बाहेरचा घास

वेल्लोर,
१२ जानेवारी १९९२

प्रिय मुद्रिका,

हे पत्र पालथं पडून लिहितोय. बसता येत नाही. कंबरेच्या हाडात मागून दाभणाएवढ्या सुया घालून त्यांनी माझ्या हाडातला गर काढला. तुझ्या पुस्तकात त्याला अस्थिमज्जा म्हणत असतील. तो पिशवीत भरला आणि त्याच दिवशी बन्सीधरदादाच्या शिरेतून आत सोडला. दादाच्या अंगात रक्त तयार व्हायचंच बंद झालं होतं, हे तुला माहीत आहे. अक्काचं रक्त जुळलं नाही, माझं जुळलं.

ज्या माणसानं भर ओसरीवर सांगितलं की पालावर राहणाराची पोरगी या घरात येणार नाही, त्याच माणसाला मी माझं रक्त दिलं. लगेच म्हणू नकोस की उपकार बोलून दाखवतो. दाखवतोच आहे, पण फक्त तुला.

दादा आता काचेच्या खोलीत आहे. त्याचं जुनं रक्त औषधानं मारून टाकलंय, माझं अजून रुजलेलं नाही. म्हणून आत जायचं तर तोंडाला फडकं, पायाला पिशव्या. वर पोटातले जंतू मारायच्या गोळ्या चालू आहेत. खायला फक्त वाफेतून थेट काढलेलं. दही बंद, ताक बंद, काकडी बंद. छबूवहिनी रोज पाणी उकळते आणि रोज रडते. मी एका दाढीवाल्या डॉक्टरला विचारलं, पोटात जंतू असतातच कशाला? तो हसला आणि पुढच्या खाटेकडं गेला. मला राग आला. तू यंदा तेच शिकतेस ना? तू तरी सांग.

इथं नारळाच्या झाडाखाली बसलं की तुझी आठवण येते. नारळाचा आणि तुझा काही संबंध नाही. तरी येते.

तुझाच,
वैजीनाथ


परभणी,
२४ जानेवारी १९९२

वैजीनाथ यांस,

पत्र पोचलं. पाकिटावर पाठवणाऱ्याचं नाव 'मावसभाऊ' एवढंच लिहीत जा. रेक्टरबाईंनी तुमचं नाव वाचून मला उभं केलं होतं.

पोटातले जंतू रोगाचेच असतात असं नाही. मोठ्या आतड्यात त्यांची अख्खी वस्ती असते. आपल्याला जे पचत नाही ते ते फोडतात, आणि मुख्य म्हणजे परक्या जंतूला जागा मिळू देत नाहीत. आमच्या मॅडम म्हणाल्या, जंतूंचा स्पर्शही न होऊ देता वाढवलेल्या उंदरांची रोगाशी लढायची ताकद कच्ची राहते. म्हणजे अंगातल्या शिपायांना शिकवायलाही हे जंतू लागतात. मग डॉक्टर ते मारतात का? कारण बन्सीधरदादांच्या अंगात सध्या शिपाईच नाहीत. अशा वेळी स्वतःच्या पोटातला जंतूदेखील आतड्याची भिंत ओलांडून रक्तात जाऊ शकतो.

पण मला एक भीती वाटते. रान नांगरून उघडं टाकलं की आधी काय उगवतं? ज्वारी नाही. हरळी आणि गाजरगवत. पोटाचंही तसंच असेल, तर गोळ्या बंद झाल्यावर पहिल्यांदा कोण येऊन बसतं यावर लक्ष ठेवायला हवं. हे त्या डॉक्टरांना विचारा. नीट विचारा. भांडू नका.

भांडणावरून आठवलं. "कोयता धरणाऱ्या हातानं काचेचं सामान धरू नये," असं सर मला म्हणाले, तेव्हा तुम्ही परीक्षानळ्यांचा स्टँड आपटलात आणि कॉलेज सोडलंत. सगळ्या कॉलेजात तुमचं नाव झालं. मी त्याच सरांच्या प्रॅक्टिकलला अजून बसते. त्या काचा कुणी गोळा केल्या, हे तुम्ही मला कधी विचारलं नाही.

अण्णा आणि आई कारखान्यावर आहेत, ऊस तोडतायत. खुशाली आहे. नामांतराच्या मोर्च्यामुळं दोन दिवस कॉलेज बंद होतं, तेवढ्यात हे लिहून झालं.

मुद्रिका


वेल्लोर,
१६ फेब्रुवारी १९९२

प्रिय मुद्रिका,

काचांचं वाचलं. दोन दिवस जेवण गेलं नाही. पुढं काय लिहावं कळत नाही म्हणून दादाचं लिहितो.

रक्त रुजलं. पांढऱ्या पेशी वाढायला लागल्या तशी वहिनीनं नर्सबाईंना साखर वाटली. पण मागोमाग दादाचे तळहात लाल झाले, अंगावर पुरळ आलं आणि जुलाब सुरू झाले. डॉक्टर म्हणाले, देणाऱ्याच्या पेशींना हे अंग परकं वाटतं. त्या आत जाऊन मारामारी करतात, कातडीशी आणि आतड्याशी. मी दादाला हे सांगितलं. तो खाटेवर चिपाडासारखा पडला होता. म्हणाला, "तुझ्यावाणीच हाय की रे तुझं रक्त. घरात पाय टाकला न्हाई तर भांडायलं."

आता त्या पेशींना दाबून ठेवायचं औषध चालू आहे. जुलाब थांबलेत.

तुझा तणाचा प्रश्न मी दाढीवाल्या डॉक्टरला विचारला. नीट विचारला, हात मागं बांधून. तो मला एका खोलीत घेऊन गेला. दादाच्या विष्ठेचा नमुना दर आठवड्याला काचेच्या ताटलीत ठेवून त्यातले जंतू तो वाढवतो. सुरुवातीची ताटली कोरी. नंतरच्या ताटलीत एकच जात, कडेपासून कडेपर्यंत. म्हणाला, "हेच तुमचं गवत." आता कुठं दुसरे ठिपके दिसायला लागलेत. ज्यांच्या ताटलीत तऱ्हेतऱ्हेचे जंतू लवकर परततात ते रोगीही लवकर सावरतात, असं त्याला वाटतं. पण नुसत्या वाटण्यावर औषध देता येत नाही, असंही तोच म्हणाला. माणूस बरा आहे. उगीच रागावलो होतो.

तुझं पत्र मी दादाला वाचून दाखवलं, फक्त रानाचा भाग. दादा म्हणाला, "कोण लिवलंय?"

मी म्हणालो, "मावसभाऊ."

"दाव बरं." पत्र लांबूनच बघितलं. "मावसभावाचं अक्षर लय नाजूक हाय."

मी पत्राची घडी करून खिशात घातली.

"पोखर्णीच्या आश्रुबाची पोरगी न?"

मी हो म्हणालो. वाटलं आता पुन्हा ओसरीवरचं भाषण. तो भिंतीकडं तोंड करून झोपला. दुसऱ्या दिवशी वहिनी सांजा भरवत असताना आपण होऊन म्हणाला, "रान पडीक पडलेलं बघितलंय त्या पोरीनं. तू निस्ता बांधावरून फिरलास." आणि मग, "गावाकडं गेल्यावर आश्रुबाला ये म्हण. बोलू."

मुद्रिका, तो 'बोलू' म्हणाला. ज्यानं पुढं बोलायचंच नाही असं ठरवलं होतं, तो.

घरी गेल्यावरचे नियम मोठे आहेत. औषध चालू आहे तोवर, म्हणजे आठ-नऊ महिने तरी, स्वतःच्या घरात ताजं शिजवलेलं तेवढंच खायचं. कच्चं दूध, दही, चटणी, कोशिंबीर काही नाही. बाहेरचं पाणी नाही. गर्दी नाही. मी सगळं पाठ केलंय. एकालाही उंबरा ओलांडू देणार नाही.

तुझाच,
वैजीनाथ


परभणी,
३ मार्च १९९२

वैजीनाथ यांस,

'बोलू' हा शब्द मी पुन्हा पुन्हा वाचला, हे कबूल करते. पुढचं मात्र शांतपणे वाचा.

अण्णा पाडव्यानंतर फडावरून परततील. बन्सीधरदादांनी बोलावलंय एवढं मी त्यांच्या कानावर घालीन. ते येतील. पण आपल्याकडची रीत तुम्हाला ठाऊक आहे. मरणाच्या दारातून आलेल्या माणसाला बघायला कुणी रिकाम्या हातानं जात नाही. त्यात ज्याला सोयरीक करायची असते तो घरून शिजवून नेतो, आणि समोरच्यानं त्यातला घास घेतला तरच बोलणं पुढं सरकतं. घास परत आला की विषय संपला. वेगळं काही सांगावं लागत नाही.

तेव्हा डॉक्टरांचा नियम अण्णांना आधी कळवा. मी परीक्षेत असेन, म्हणून हे तुमच्यावर सोपवते. स्वतः पोखर्णीला जा, ओसरीवर बसा, पाणी प्या आणि समजावून सांगा. ते तापट नाहीत. पण आयुष्यभर लोकांनी त्यांना भांडं वर धरून पाणी वाढलंय. ते त्यांच्या ध्यानात राहतं.

मुद्रिका


पेडगाव,
१८ मे १९९२

प्रिय मुद्रिका,

दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकण्याआधी माझ्याकडून ऐक.

आम्ही एप्रिल संपता संपता गावी आलो. तेव्हापासून दारात खाट टाकून मी बसून आहे. सारं गाव दादाला बघायला लोटलं. कुणी केळी आणली, कुणी पेढे, कुणी बाळंतिणीसारखे डिंकाचे लाडू. मी सगळ्यांना तिथूनच परत पाठवलं. धुरपताबाई मला म्हणाली, "काय रे, तुझ्या भावाला भेटायला पास काढावा लागतंय का?" मी म्हणालो, लागतंय. ती आता आमच्या दारावरून जाताना पदर तोंडाला लावून हसते.

पोखर्णीला जायचं राहून गेलं. उद्या जाऊ, परवा जाऊ करत. दादाला सोडून हलायची भीती वाटत होती. हे कारण आहे, सबब नाही. तुला सबब वाटली तर तसं समज.

परवा, नरसिंह जयंतीच्या दुसऱ्या दिवशी, भर उन्हात तुझे अण्णा आणि आई आले. अण्णांच्या अंगावर धुतलेला सदरा, हातात पितळी डबा, त्याला पांढऱ्या फडक्याची गाठ. मी खाटेवरून उठलो. नमस्कार केला. इथवर सगळं ठीक होतं.

तुझी आई म्हणाली, "पोराहो, समदं आदनात उकळूनच केलंय. शेवयाची खीर हाय. निस्ता एक घास घेऊ द्या."

मी म्हणालो, "मावशी, न्हाई जमायचं. घरचंच चालतंय निस्तं."

अण्णा म्हणाले, "मग हे कुठलं हाय? घरचंच हाय की."

"तुमच्या घरचं. आमच्या न्हाई."

हे तोंडातून गेलं तेव्हाच मला कळलं. सावरायला गेलो तर आणखी बिघडलं. म्हणालो, "डॉक्टरनं सांगितलंय, बाहेरचं म्हंजी बाहेरचं. कुणाचं बी असो." अण्णांनी 'बाहेरचं' एवढाच शब्द पुन्हा म्हटला, हळू. डब्याची गाठ थोडी सुटली होती ती घट्ट केली आणि वळले. तुझी आई जरा थांबली. आमच्या परसदाराकडं बघत होती. मग तीही गेली.

दादा मधल्या खोलीत झोपला होता. उठल्यावर त्याला सांगितलं तर त्यानं पहिलं विचारलं, "पानी तरी दिलंस का?"

पाणी द्यायचं सुचलं नाही.

पण एक लक्षात घे. मी कुणाचंच आत जाऊ दिलं नाही. आबासाहेबांसारख्या बड्या माणसाचं नाही, धुरपताबाईचं नाही आणि तुमचंही नाही. सगळ्यांना एकच माप. अण्णांना हे सांग. मी स्वतः येतो म्हणतोय, पण दादाला रात्रीपासून कसकस आहे.

तुझाच,
वैजीनाथ


पोखर्णी,
२९ मे १९९२

वैजीनाथ यांस,

सगळ्यांना एकच माप, असं तुम्ही लिहिलंत.

अण्णा तुमच्यासमोर उभे होते तेव्हा आबासाहेबांच्या चतुराबाई झाकलेली वाटी घेऊन तुमच्या परसदारानं आत गेल्या आणि रिकामी वाटी घेऊन बाहेर आल्या. तुमच्या आईंनी त्यांना हळदीकुंकू लावलं. माझ्या आईनं हे डोळ्यांनी पाहिलं. घरी आल्यावर खीर म्हशीपुढं ठेवली आणि मग सांगितलं.

अण्णा म्हणाले, "बागायतदाराची वाटी आत, आपला डबा भायेर. झालं की मग." त्यानंतर त्यांनी तुमचं नाव घेतलेलं नाही.

नियम असता तर मी तुमच्या बाजूनं उभी राहिले असते. आता कशाच्या बाजूनं उभी राहू ते सांगा. नाहीतर लिहू नका.

मुद्रिका


हैदराबाद,
२१ जून १९९२

मुद्रिका,

तुझं पत्र पेडगावला पडून होतं, काल हाती आलं. वाचल्यावर पहिलं मनात आलं की लिहावं, तुझी आई खोटं बोलते. तसं लिहिलंही होतं. तो कागद फाडला.

कारण ती खरं बोलते. वाटी आत गेली होती. मला माहीत नव्हतं. मी पुढच्या दारात शिपाई होऊन बसलो आणि मागचं दार सताड उघडं.

चतुराबाईनं तुझ्याच गावच्या नरसिंहाचं पंचामृत आणलं होतं. मायनं दादाला झोपेतून उठवून दोन चमचे दिले. कच्चं दूध, दही, मध. नेमकं जे नको ते सगळं. रात्री कसकस होती, पत्र टपालात टाकून आलो तर दादा थंडीनं खाट हलवत होता. परभणीच्या डॉक्टरांनी सलाईन लावलं आणि हात वर केले. रात्रीच्या गाडीनं इथं आणलं. रक्तात जंतू सापडला. पोटातूनच गेला म्हणतात, आतड्याची भिंत अजून कच्ची, त्यात माझं रक्त औषधानं दाबून ठेवलेलं. पंचामृतानंच झालं असं छातीवर हात ठेवून इथले डॉक्टर सांगत नाहीत. मी सांगतो.

मायनं हे आम्हाला इथं आल्यावर सांगितलं. वॉर्डाबाहेर जमिनीवर बसली होती. म्हणाली, "मी तर देवाचं दिलं रे. देवाचं का बाहेरचं असतंय?" मी तोंड उघडलं होतं. वहिनीनं माझं मनगट धरलं आणि सोडलंच नाही. मी ओरडलो नाही. तुला हे खरं वाटणार नाही, पण वहिनीला विचार.

दोनदा वाटलं दादा गेला. आता ताप उतरलाय. पण पुन्हा जंतू मारायची औषधं देऊन झाली, म्हणजे ताटली पुन्हा कोरी.

तुला दोन गोष्टी सांगायच्या आहेत. मायचं नाव कुणापुढं घेऊ नकोस. गावात दादाच्या आजाराला उन्हाचं कारण सांगितलंय. म्हातारी आधीच देव्हाऱ्यापुढं बसत नाही.

दुसरी अशी की तुमचा डबा मी आत जाऊ दिला असता, तरी ताप यायचा तसा आलाच असता आणि तो तुझ्या आईच्या माथी बसला असता. सगळं गाव म्हणालं असतं, पालावरच्यांनी खीर चारली आणि बन्सीधर गेला. मी त्या वेळी एवढा विचार केला नव्हता. बोललो तेही वाईट बोललो. पण डबा परत पाठवला याची माफी मी मागणार नाही. पाणी दिलं नाही, त्याची मागतो.

वैजीनाथ


परभणी,
१२ ऑगस्ट १९९२

वैजीनाथ यांस,

कॉलेज सुरू झालं. उत्तराला उशीर केला, कारण काय लिहावं ते ठरत नव्हतं.

माफीबद्दल तुमचं म्हणणं मला पटलं. पण त्याचा उपयोग नाही. अण्णांना खरं सांगावं तर तुमच्या आईंची अब्रू जाते, आणि खरं सांगितल्याशिवाय अण्णांचा राग जात नाही. तुम्ही सांगू नको म्हणालात, मी सांगितलं नाही. आईलाही नाही. ती रोज काही ना काही निमित्तानं त्या वाटीवर येते.

आता पुढचं. आमच्या टोळीच्या मुकादमानं त्याच्या पुतण्यासाठी मला मागितलंय. मुलगा ट्रॅक्टर चालवतो, निर्व्यसनी आहे. अण्णा म्हणतात, दिवाळीनंतर फडावर निघायच्या आधी सुपारी फोडू. मी बी.एस्सी. पुरी होऊ द्या म्हणाले. ते म्हणाले, "सुपारी फोडून बी शिकता येतंय." त्यांच्यापुढं मला जास्त बोलता येत नाही. फडाची काळी माती धुऊन त्यांनी मला वसतिगृहात ठेवलंय.

तुम्ही पोखर्णीला येऊ नका. तुम्ही आलात तर भांडाल आणि मग उरलेलंही जाईल.

बन्सीधरदादांच्या पोटाचं काय? वेल्लोरच्या त्या डॉक्टरांना हैदराबादचं सगळं कळवलंत का? कळवा.

मुद्रिका


पेडगाव,
१६ ऑक्टोबर १९९२

प्रिय मुद्रिका,

दादा उभा राहिलाय. सकाळी गोठ्यापर्यंत जातो, बैलांच्या पाठीवर हात न ठेवता लांबून त्यांच्याशी बोलतो. गालावर मांस आलंय. रक्त तपासलं तर पेशी चांगल्या निघाल्या. मी म्हणालो, माझ्याच आहेत, चांगल्या असणारच. तो म्हणाला, "म्हणूनच सारखा राग येतंय मला आजकाल."

वेल्लोरच्या डॉक्टरचं उत्तर आलं. दाबायचं औषध जवळजवळ बंद. आता बाहेरचं सुरू करा म्हणतो. आधी एकाच घरचं, डोळ्यांदेखत शिजलेलं, गरम. काही दिवस थांबून ताप, जुलाब बघा. सोसलं तर मग दुसरं घर. दही सगळ्यांत शेवटी. हळूहळू चार ठिकाणचं पोटात जाऊ द्या, ताटलीत ठिपके वाढू द्या.

ही बातमी गावात कशी फुटली देव जाणे. आबासाहेब स्वतः आमंत्रण घेऊन आले. दिवाळीच्या पाडव्याला पहिलं जेवण त्यांच्या वाड्यावर. सोबत त्यांच्या भाचीची पत्रिका, माझ्यासाठी. दादा त्यांना म्हणाला, "बघू."

म्हणजे तुझ्या अण्णांसाठी 'बोलू' आणि आबासाहेबांसाठी 'बघू'. मी दादाला विचारलं, काय बघणार आहेस? उलट मला म्हणतो, परभणीला जा, बाहेरून परीक्षेचा फॉर्म भर, दिवाळी झाली की तिकडंच खोली घेऊन अभ्यासाला बस. इथं तुझं काम नाही. मुद्रिका, मी याला माझ्या हाडातला गर दिला आणि हा मला घरातून काढतो.

तू येऊ नको म्हणालीस म्हणून थांबलोय. तुमच्या सुपारीचा दिवस ठरला की मला कळव. त्या दिवशी मी तुझंही ऐकणार नाही.

तुझाच,
वैजीनाथ


पोखर्णी,
५ नोव्हेंबर १९९२

वैजीनाथ यांस,

तुम्हाला दिवस कळवला नाही. सुपारी फोडायची ती ट्रकमध्ये बसायच्या आधी, असं ठरलं होतं. ती सकाळ शनिवारी झाली. आता सगळं सांगते, मधेच पत्र टाकून उठू नका.

ट्रक मारुतीच्या पारापाशी उभा होता. बिऱ्हाडं भरून झाली होती. पाटीत कोंबड्या, वर बाजली. आमच्यात फडावर निघताना घरातली चूल मोडतात आणि परत येईपर्यंत तिथं जाळ करत नाहीत. आईनं पहाटेच चूल मोडली होती. मुकादम सुपारी खिशात घेऊन अण्णांची वाट बघत होता.

तेवढ्यात तुमची बैलगाडी आली. बन्सीधरदादा, तोंडाला उपरणं बांधलेलं, आणि छबूवहिनी. मी घाबरले, तुम्हीही असाल म्हणून. नव्हतात. नंतर त्यांनीच सांगितलं, "त्याला मुद्दाम परभणीला धाडलं. तो आला की भांडण येतंय."

ते सरळ अण्णांसमोर जाऊन उभे राहिले. म्हणाले, "आश्रुबा, जेवाया आलोय."

अण्णा बाजल्याची दोरी आवळत होते. मान वर न करता म्हणाले, "आमचं बाहेरचं असतंय, पाटील."

"व्हय. म्हणूनशान आलोय. डॉक्टरनं आता बाहेरचं सुरू करा म्हणलंय. पयलं घर तुमचं."

"पयलं आबासाहेबाचं झालंय की. वैशाखातच."

मी छबूवहिनींकडं पाहिलं. त्यांनी खाली पाहिलं. ट्रकवरचे सगळे ऐकत होते, मुकादमही. बन्सीधरदादांनी तोंडावरचं उपरणं खाली ओढलं आणि मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आमच्या मायनं चोरून दिलं ते. देवाचं म्हणून. त्या दोन चमच्यापायी हैदराबादेत मरता मरता वाचलो म्या. तुमचा डबा परत गेला म्हणून तुमच्या माथी आलं न्हाई, न्हाईतर आलं असतं."

तुम्ही जे लपवायला सांगितलं होतं ते तुमच्या भावानं पारावर सांगितलं. गाडी जुंपायच्या आधी तुमच्या आईंना विचारून आले होते, असं वहिनी मला नंतर म्हणाल्या. आई म्हणाल्या होत्या, "सांग. मला तरी कुठं झोप येतीया."

अण्णांनी दोरी सोडली. "मग हे त्या पोरानं सांगितलं का न्हाई?"

"त्याला भांडता येतंय. सांगता येत न्हाई."

ट्रकवर कुणीतरी हसलं. अण्णा हसले नाहीत. म्हणाले, "चूल मोडली पाटील. घरात जाळ करता यायचा न्हाई."

"घरात कुठं म्हणलो? हितं करा."

आई तोवर खाली उतरली होती. पारापाशी तीन दगड मांडले. पिठाचं पोतं सगळ्यांत खाली दबलेलं, ते काढायला अर्धा ट्रक उतरवावा लागला. मुकादम ओरडायला लागला, ड्रायव्हर हॉर्न वाजवायला लागला. अण्णा त्यांना म्हणाले, "वाजव. पाव्हणा जेवल्याबिगर चाक हलायचं न्हाई." मी चुलीला तुराट्या घातल्या. आईनं पिठलं रटरटेस्तोवर उकळलं. भाकरी तव्यावरून थेट ताटलीत, आणि ती ताटलीही छबूवहिनींनी घरून उकळून आणलेली. पाणीसुद्धा बाटलीतलं, त्यांचंच. अण्णा म्हणाले, "पानी मात्र भायेरचं न्हाई चालत का?" बन्सीधरदादा म्हणाले, "पान्याला संक्रांतीपतुर टाइम हाय."

त्यांनी अर्धी भाकरी खाल्ली. अण्णा समोर उकिडवे बसून त्यांच्या गळ्याकडं बघत होते, घास खाली उतरेपर्यंत. जेवण झाल्यावर बन्सीधरदादांनी माझा विषय काढला. फार बोलले नाहीत. "पोरगी मागायला आलोय. शिकून झाल्यावर द्या. त्यालाबी तवर शिकू द्या."

अण्णा उठले. मुकादमाकडं गेले आणि म्हणाले, "सुपारी ऱ्हाऊ द्या तुमच्यापाशीच." मग बन्सीधरदादांना म्हणाले, "आमचं तुमच्या पोटाला सोसलं तर चैतात या, बोलून टाकू. न्हाई सोसलं तर तसं कळवा. राग न्हाई, पर कळवा."

ट्रक दुपारी निघाला.

त्या दिवसापासून मी कॉलेजला न जाता इथंच थांबले होते. तुम्हाला लिहायचं धाडस झालं नाही. भाकरीनं काही झालं असतं तर काय लिहिणार होते? काल वहिनींचा निरोप आला. ताप नाही, जुलाब नाही. बन्सीधरदादांनी पुन्हा भाकरीच मागितली, आणि वहिनींना म्हणाले, तुझ्यापेक्षा आश्रुबाच्या झुंबरबाईची पातळ असते.

तुमचा फॉर्म भरला की नाही तेवढं कळवा. प्रॅक्टिकलला तेच सर आहेत.

अण्णांना फडाच्या पत्त्यावर आत्ताच कार्ड लिहिलं, पोटाला सोसलं म्हणून. त्यांना वाचता येत नाही. टोळीची पत्रं मुकादम वाचून दाखवतो. हेही त्यालाच वाचावं लागेल.

मुद्रिका